सध्या तयारी चालू आहे

पदवीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या मुलाला पहिल्या पंधरा दिवसांत जो प्रश्न विचारला जातो, तो उत्तर हवं म्हणून कोणी विचारत नाही. पारावरचे आबा, किराणा दुकानदार, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावर बसलेले दूरचे मामा, यांपैकी कोणालाच "मग, आता पुढं काय?" म्हणताना पोराच्या भवितव्याची चिंता नसते. वाढपी भात घेऊन येईपर्यंतचा वेळ काढायचा असतो. उत्तर मात्र द्यावंच लागतं, आणि ते असं हवं की त्यातून दुसरा प्रश्न फुटता कामा नये. "अजून ठरवलं नाही" हे बहुतेकांचं खरं उत्तर. पण ते दिलं की सल्ला सुरू होतो, आणि सल्ला भातापेक्षा लांबतो. "शेती बघतो" म्हटलं तर समोरच्याच्या चेहऱ्यावर सांत्वनाची कळा येते. "कंपनीत आहे" म्हटलं तर "हातात किती पडतात?" हे ठरलेलंच. या सगळ्या कचाट्यातून सोडवणारं एक उत्तर गेल्या काही दशकांत आपण सर्वांनी मिळून तयार केलं आहे : "पुण्याला असतो. एमपीएससीची तयारी चालू आहे." यावर मामा फक्त "छान, छान" म्हणतात आणि भाताकडे वळतात.

सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत या परीक्षांभोवती जो अवाढव्य कारभार उभा राहिला आहे, तो अधिकारी घडवण्यासाठी आहे असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. माझ्या मते या कारभाराचं मोठं काम वेगळंच आहे : पुढे काय करायचं हे न ठरलेल्या पदवीधराला चारचौघांत मान वर करून वावरता येईल अशी सोय करणं. आणि घरदार सोडून एका कॉटवर वर्षानुवर्षं राहणं ही त्या सोयीपायी सोसायची अडचण नव्हे. पोरं पैसे मोजतात ते मुख्यतः त्यासाठीच. कारण अभ्यासाचं म्हणाल तर लक्ष्मीकांतांचं राज्यघटनेवरचं जाडजूड पुस्तक पुण्यात जे सांगतं तेच परांड्यात सांगतं. क्लासवाल्या सरांची व्याख्यानं मोबाइलवर गावच्या विहिरीवर बसूनही ऐकता येतात. गावात जे मिळत नाही ते म्हणजे असा एखादा चौरस किलोमीटर, जिथं हजारो माणसं आपल्यासारखीच लटकलेली असल्यामुळे कोणी कोणाला "पुढं काय" विचारत नाही.

शास्त्री रस्त्यावरून पेरूगेटाकडे नुसतं चालत गेलं तरी हे कळतं. विजेच्या खांबांवर, डीपीच्या दारावर, झाडांच्या बुंध्यांवर 'कॉट बेसिस'च्या चिठ्ठ्या. खालची कड कात्रीने कापून फोन नंबरच्या पट्ट्या लोंबत ठेवलेल्या, त्यातल्या तीनचार फाडून नेलेल्या. भाडं खोलीचं नसतं, कॉटचं असतं. म्हणजे माणसाची हद्द साधारण सहा फूट बाय अडीच. कॉटखाली बॅग, उशाशी चार्जर, खिडकीपासून दारापर्यंत कपड्यांची दोरी, आणि पाण्याच्या वेळेबद्दल मालकांचा एक कागद. मेसचा हिशोब महिन्याचा. एखाद्या दिवशी जेवायला गेलं नाही तर तो दिवस मेसवाल्याचा. सलग चारपाच दिवस गावी गेलं तरच खाडा धरतात. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री चूल बंद. हे सगळं मनाने आवरून ठेवलेलं, दोन तासांत उठून जाता येईल असं. आता त्याच मुलाची अभ्यासिकेतली जागा पाहा. प्लायवूडच्या दोन फळ्यांमधलं टेबल, त्याला नंबर, खाली कुलूप लावायचा खण. प्लॅस्टिकच्या खुर्चीला घरून आणलेली उशी सुतळीने बांधलेली. समोर छत्तीस जिल्ह्यांचा नकाशा, त्यावर नद्या निळ्या पेनने गिरवलेल्या. बाजूला पिवळ्या चिठ्ठ्यांवर घटनादुरुस्त्या. आणि फळीवर आधीच्या कोणीतरी कोरून ठेवलेलं 'पोस्ट काढल्याशिवाय घरी नाही', त्याखाली वेगळ्या अक्षरात 'सेम'. कॉट महिन्या-दोन महिन्यांत बदलेल, हा नंबर बदलत नाही. तिथं शेजारी विचारला जाणारा प्रश्न एकच, "कितवा अटेम्प्ट?" आणि तो हिणवायला नसतो, ज्येष्ठता ठरवायला असतो.

पुण्याला हे नवीन नाही, हेही सांगितलं पाहिजे. नाहीतर पेठेतले जुने रहिवासी ही बाहेरून आलेली साथ समजतात. परगावच्या विद्यार्थ्याने इथं यावं, कोणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकावी, सोमवारी एका घरी आणि मंगळवारी दुसऱ्या घरी असं वार लावून जेवावं किंवा माधुकरी मागावी, ही चाल मेसच्या डब्याच्या कितीतरी आधीची. अनाथ विद्यार्थी गृह 1909 साली निघालं ते अशाच मुलांसाठी. आणि परीक्षेपायी पायपीट करणाऱ्यांचे मूळपुरुष म्हणून धोंडो केशव कर्वे यांचा फोटो खरं तर प्रत्येक अभ्यासिकेत लावायला हवा. कोकणातल्या मुरुडहून ते परीक्षा द्यायला डोंगर ओलांडून साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि तिथल्या साहेबांनी त्यांचं वय सतरापेक्षा कमी दिसतं म्हणून परीक्षेला न बसवताच परत पाठवलं. आजच्या उमेदवाराला वयाची अट आडवी येते ती दुसऱ्या टोकाने, इतकाच काळाचा महिमा.

या दुसऱ्या टोकाकडे सरकारने फार मायेने पाहिलं आहे. 2016 साली राज्य सरकारने खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा तेहतिसावरून अडतिसावर नेली. मागासवर्गीयांसाठी ती त्रेचाळीस झाली. रोजगार देणं कठीण असतं, पण वाट पाहायला पाच वर्षं देणं एका शासन निर्णयाचं काम असतं. डिसेंबर 2020 मध्ये लोकसेवा आयोगाने खुल्या प्रवर्गाला जास्तीत जास्त सहा संधी, असं जाहीर केलं होतं. पुढे तेही मागे घेतलं गेलं. एकविसाव्या वर्षी पदवी, अडतिसाव्या वर्षी मर्यादा. मधली सतरा वर्षं "सध्या तयारी चालू आहे" हे वाक्य कायद्याने खरं राहतं. इतका टिकाऊ माल दुसऱ्या कोणत्याही अभ्यासक्रमात मिळत नाही.

गंमत अशी की ज्याचा कुठंच पत्ता नाही त्याला या काळात सर्वांत जास्त वेळा पत्ता सिद्ध करावा लागतो. अधिवास प्रमाणपत्राला राज्यातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे लागतात. नॉन-क्रिमीलेअरची मुदत एकतीस मार्चला संपते, आणि जाहिरात कोणत्या महिन्यात येईल हे कोणी सांगत नाही. मग एसटीने तालुक्याला जाणं आलं, सेतू केंद्रासमोर उभं राहणं आलं. अर्जात दोन रकाने असतात. कायमच्या पत्त्याच्या रकान्यात मुलगा जिथं राहत नाही ते गाव लिहितो, कारण त्याचे सगळे कागद तिथले. जिथं तो खरोखर राहतो त्या कॉटचा मात्र करार नसतो, पावती नसते, रेशनकार्ड तर नाहीच. सरकारदरबारी तो कायम अशा ठिकाणी राहतो जिथं तो सणाला जातो. हिंजवडीतल्या इंजिनिअरांनी यावर फार हसू नये. करार कितीही महिन्यांचा असो, नोंदणी सक्तीची आहे; तरी त्यांचं घर अकरा महिन्यांच्याच मापाने कापलेलं असतं. फरक एवढाच की त्यांना कागद मिळतो.

कोणी म्हणेल, हे सगळं तर्कट आहे. मुलं उत्तराच्या शोधात नाहीत, नोकरीच्या शोधात आहेत. त्यासाठी 2020 साल पाहावं. टाळेबंदी लागली, अभ्यासिका बंद झाल्या, मेस बंद झाल्या, पेठा रिकाम्या झाल्या आणि पोरं गावी गेली. नुसत्या अभ्यासाच्या दृष्टीने पाहिलं तर ही पर्वणी होती : भाडं नाही, आईच्या हातचं जेवण, हवा तेवढा वेळ, परीक्षाही पुढे गेलेली. तरी निर्बंध सैल होताच पहिल्या संधीला ही मंडळी कॉटवर परत आली, परीक्षेची तारीख नक्की नसताना आली. कारण गावात अभ्यासाला बसलेल्या मुलाला उन्हातून आलेला चुलता खिडकीतूनच विचारतो, "नुसता बसलायस होय?" आणि मग पंपाची मोटर चालू करायला, भावकीतल्या कोणाला दवाखान्यात न्यायला, सोसायटीच्या कर्जाचे कागद वाचून दाखवायला घरात एक पदवीधर आयता सापडतो. पुण्यात तोच मुलगा तितकाच वेळ बसला तर त्याला अभ्यास म्हणतात.

याहून वजनदार आक्षेप असा : पोरांना लांबणच हवी आहे म्हणता, तर परीक्षा पुढे ढकलल्यावर ती रस्त्यावर का उतरतात? ज्या पूर्व परीक्षेची मूळ तारीख 5 एप्रिल 2020 होती, ती ढकलत ढकलत 14 मार्च 2021 वर आली आणि ऐन तोंडावर, 11 मार्चला, पुन्हा पुढे गेली. त्या दिवशी पुण्यात शास्त्री रस्ता उमेदवारांनी भरून गेला, आणि शेवटी 21 मार्चला परीक्षा झाली. आक्षेप खरा आहे. पण हेही आंदोलनांच्या त्याच वहीत आहे की फेब्रुवारी 2023 मध्ये याच पुण्यात उमेदवार बसले ते वर्णनात्मक मुख्य परीक्षेची नवी पद्धत पुढे ढकला म्हणून, आणि आयोगाने ती 2025 वर नेली. ऑगस्ट 2024 मध्ये पुन्हा बसले ते 25 तारखेची पूर्व परीक्षा पुढे ढकला म्हणून, कारण त्याच दिवशी बँकेची परीक्षा होती. तीही ढकलली गेली आणि 1 डिसेंबरला झाली. एकदा ढकलू नका, दोनदा ढकला. यात विसंगती वाटते ती बाहेरून पाहणाऱ्याला. उमेदवाराचं तत्त्व एकच आहे : वाट पाहायला आमची ना नाही, पण ती किती पाहायची हे आम्हाला आधी कळलं पाहिजे. आयोग तारीख ढकलतो तेव्हा मालक भाडं ढकलत नाही, मेसवाला खाडा धरत नाही, आणि गावी सांगितलेलं "मार्चमध्ये पेपर आहे" हे वाक्य एका रात्रीत खोटं पडतं. तिथं पुन्हा प्रश्न फुटतो. जे उत्तर इतक्या खर्चाने उभं केलं, ते सरकारच पाडतं म्हटल्यावर माणूस रस्त्यावर येणारच.

मुलींच्या बाबतीत तर माझं म्हणणं आणखी पक्कं आहे, आणि तिथं मला हसू कमी येतं. मुलगा न ठरवता बसला तर त्याच्यावर दुसरं कोणी काही ठरवत नाही. फार तर बोलतं. मुलगी न ठरवता घरी बसली तर तिचं ठरतं. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच पत्रिका बाहेर पडते. "मुलगा एकुलता एक आहे, शेती बागायत आहे" पासून "त्यांना नोकरीची अडचण नाही, हवी तर करू दे" पर्यंत सगळी वाक्यं पाठ झालेली असतात. त्या सगळ्यांपुढे टिकणारं बापाला पटेल असं कारण एकच : "आप्पा, फक्त दोन वर्षं द्या. जागा निघाल्यात." सरकारी नोकरीत महिलांना तीस टक्के समांतर आरक्षण आहे हा आकडा आप्पांनाही ठाऊक असतो आणि चुलत्यांच्या बैठकीत तो उपयोगी पडतो. मग लेडीज होस्टेल, रात्री दहाला बंद होणारं फाटक, मैत्रिणीबरोबर वाटून घेतलेला एक डबा. दोन वर्षांची तीन होतात, तिनाची चार. या मुदतवाढीची बोलणी पाहिली तर वाटाघाटींचा एक पेपर तरी या परीक्षेत असायला हवा असं वाटतं. मुली त्यात पैकीच्या पैकी घेतील. या मुलींना कोणी "वर्षं वाया घालवता" म्हणालं तर मी त्याला विचारीन की वाया न घालवता ती कुठं घातली असती. घरापासून दूर, स्वतःच्या नावावर एक कॉट आणि स्वतःच्या कुलपाचा एक खण, हे तिच्या आजीला साठाव्या वर्षीही मिळालं नव्हतं. पूर्व परीक्षा निघाली नाही तरी हा निकाल लागलेला असतो.

आता सर्वांत मोठा आक्षेप, जो दर काही महिन्यांनी अग्रलेखांतून भेटतो : तरुणाई करपते आहे, मनुष्यबळाची ही नासाडी आहे, मुलांनी व्यवहार ओळखावा. यातलं दुःख खोटं नाही. वाट पाहण्याचं ओझं काहींना झेपलेलं नाही, आणि त्या घरांपुढे कोणताही विनोद शहाणा ठरत नाही. पण 'व्यवहार ओळखावा' हे मात्र मला पटत नाही. व्यवहार मुलांनी ओळखला आहे म्हणूनच ती तिथं आहेत. 2023 च्या तलाठी भरतीत सुरुवातीला जाहीर झालेल्या जागा 4,644 होत्या आणि अर्ज दहा लाखांवर आले. अर्जाचं शुल्क खुल्या प्रवर्गाला हजार रुपये, राखीव प्रवर्गाला नऊशे. (गुणाकार वाचकांनी करावा, बुद्धिमत्ता चाचणीत असले प्रश्न येतात.) दोनशेहून अधिक अर्जांमागे एक जागा हे न कळण्याइतकं गणित यांतल्या कोणाचं कच्चं नाही, शेकडेवारीची दोन पुस्तकं त्यांनी सोडवून फाडलेली असतात. त्यांना हेही कळतं की तालुक्याच्या ठिकाणी कला शाखेच्या पदवीवर मिळणारी दुसरी नोकरी म्हणजे मोबाइलच्या दुकानातलं काउंटर किंवा वसुलीची मोटारसायकल. काउंटरवर उभं राहिलं की "पुढं काय" याचं उत्तर कायमचं दिलं जातं. पेठेत ते उघडं राहतं. दोनशेत एक ही शक्यता नोकरी म्हणून वाईट आहे, पण सतरा वर्षं मान वर ठेवण्याचा हप्ता म्हणून महाग नाही.

शिवाय जिंकणाऱ्यांचं काय होतं तेही पाहावं. निकाल लागतो, गावात गुलाल उधळतो, वेशीवर फ्लेक्स लागतो, त्यावर खाली शुभेच्छुकांचे अंगठ्याएवढे फोटो. मामा आता स्वतःहून सांगत सुटतात की मी तेव्हाच ओळखलं होतं. आणि मग हा माणूस स्थिरस्थावर होतो असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात त्याला नेमणूक मिळते ती घरापासून चारशे किलोमीटरवर. राहायला सरकारी क्वार्टर, ज्याच्या भिंतीत आधीच्या साहेबांच्या कॅलेंडरचे खिळे. राज्याच्या 2005 च्या बदल्यांच्या कायद्याने एका जागी सर्वसाधारणपणे तीन वर्षं; त्याआधी हलवायचं तर कारणं नोंदवावी लागतात, आणि ती सापडतात. पोरांच्या शाळा बदलतात, गॅसचं कनेक्शन बदलतं, सामान खोक्यांतून पूर्ण बाहेर येतच नाही. म्हणजे ज्याने मुळं धरायला परीक्षा दिली त्याला बक्षीस म्हणून बदलीपात्र आयुष्य मिळतं. आणि तो ते चांगलं निभावतो, कारण दोन तासांत बॅग भरायचं प्रशिक्षण त्याने स्वखर्चाने आधीच घेतलेलं असतं. आयोगाच्या अभ्यासक्रमात हा घटक नाही, तरी शिकवला जातो.

राहिले ते, ज्यांची वयोमर्यादा सरते. ती मंडळी हताश होऊन गावी परततात असं चित्र रंगवलं जातं. काही परततात, शेती करतात, एखादा सरपंच होतो आणि ग्रामसेवकाला कलमं ऐकवून जेरीस आणतो. पण बरेच जण पेठ सोडत नाहीत. कोणी अभ्यासिका काढतो, कारण खुर्ची कितव्या तासाला टोचते हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नाही. कोणी मेस घेतो. कोणी अप्पा बळवंत चौकात नोट्स छापून आणतो. आणि ज्याला बोलता येतं तो फळ्यासमोर उभा राहतो. इथं मात्र जगातल्या कोणत्याही धंद्यात नसलेला हिशोब चालतो. पहिल्याच प्रयत्नात पोस्ट निघालेला अधिकारी शिकवायला मिळत नाही, तो गडचिरोलीत असतो. मिळतो तो सतरा वर्षं न निघालेला. त्यामुळे प्रवेशाला आलेला मुलगा सरांना बिचकत विचारतो, "सर, तुमचा स्वतःचा अनुभव किती?" आणि सर खडू ठेवून, जरा ताठ होऊन सांगतात, "आठ पूर्व, पाच मुख्य, दोन मुलाखती." मुलगा खिशातून पहिला हप्ता काढतो.